सुपाला डोलणारा नंदी

एका गावात एक नंदीबैलवाला राहत होता, असं म्हणायची या गोष्टीत सोय नाही, कारण सुभानाला गावच नव्हतं. आज या वेशीबाहेर पाल ठोकायचं, चार दिवसांनी त्या वेशीबाहेर. बायको ठकूबाई, सामान वाहायला एक गाढव आणि हौश्या नावाचा बैल, एवढाच त्याचा संसार. त्यातला थाट सगळा हौश्याचा. पाठीवर आरशांची झूल, गळ्यात घुंगुरमाळ, शिंगांना लाल गोंडे. गाढवाला कुणी हळदकुंकू लावत नसे, ठकूबाईलाही क्वचितच; हौश्याच्या पायांवर मात्र दारोदार पाणी पडे.

सुभाना दारात उभा राहून ढोलावर वाकडी काठी घासायचा. गुबुगुबु, गुबुगुबु. मग विचारायचा, "बोल रं राजा, या घरात औंदा पाळणा हलंल का?" हौश्या मान वरखाली डोलवायचा. घरातली माणसं हरखून जायची आणि आतून ज्वारीने भरलेलं सूप बाहेर यायचं.

हौश्याला हे शिकवलं कुणी? गुळाने. तो लहान गोऱ्हा असताना एकदा सुभाना ढोल घासत बसला होता आणि हौश्याने नाकावरची माशी उडवायला मान वरखाली केली. सुभानाने कमरेच्या बटव्यातून गुळाचा खडा काढून त्याच्या तोंडात टाकला. हौश्याने गूळ कधी चाखलाच नव्हता. त्याचे डोळे मोठे झाले. हे गोड आलं कुठून? मग तो आठवून आठवून सगळं करून पाहू लागला. शेपटी हलवली, गूळ नाही. पाय आपटला, गूळ नाही. हंबरला, तरी नाही. ढोल वाजताना मान हलवली, आणि गूळ! तेव्हापासून त्याच्या डोक्यात ढोल आणि मान यांची गाठ पडली.

सुभानाच्या बापाने मरताना त्याला बजावलं होतं, "नंदीला व्हय शिकिवशील तसं न्हाय बी शिकीव. निस्ता व्हय म्हणणारा नंदी म्हंजी लाकडाचा नंदी." बापाचा शब्द म्हणून सुभानाने हौश्याला मान आडवी हलवायलाही शिकवलं. ढोलावर थाप मारली की आडवी मान. त्यालाही गूळच दिला. हौश्याला दोन्ही सारखंच गोड होतं.

रोज गूळ मिळू लागला तशी हौश्याची हौस ओसरली. तो आळसावून मान हलवू लागला. सुभाना वैतागला. तेव्हा ठकूबाई म्हणाली, "रोज मिळतंय त्येची कसली अपूर्वाई? कवा द्या, कवा देऊ नगा." सुभानाने तसं केलं, आणि हौश्याला काय चेव आला! आता मिळेल, आता मिळेल, या आशेवर ढोल थांबला तरी त्याची मान थांबेना.

पुढे आणखी गंमत झाली. गुळाआधी सुभानाचा हात बटव्याकडे जातो, हे हौश्याने हेरलं. मग ढोलाची वाट न बघता तो हात हलला की डोलू लागला. नंतर त्याच्या आणखी एक ध्यानात आलं. घरातून भरलेलं सूप बाहेर आलं की सुभाना खुशीत येतो, आणि खुशीत आला की हात बटव्याकडे जातो. झालं. आता दाराच्या चौकटीत नुसतं भरलं सूप दिसलं तरी हौश्याची मान हलायला लागायची. लोकांना वाटायचं, नंदीला दैवी दृष्टी आहे. दृष्टी होती खरी, पण ती सुपावर होती.

डोकं बैलाचं असो नाहीतर माणसाचं, त्याची शिकायची रीत हीच. ज्यामागून गोड येतं ते पुन्हा करायचं, आणि ते गोड येण्याआधी काय दिसतं ते पक्कं लक्षात ठेवायचं. मग एक दिवस गोडाचा पत्ता नसतो, तरी ते नुसतं दिसलं की मान हलते.

हौश्याची ही लबाडी बघून सुभाना पोट धरून हसायचा. पण बैलाला तो शिकवत होता तेव्हा त्यालाही कुणीतरी शिकवत होतं, हे त्या बापड्याला कळलं नव्हतं.

झालं असं होतं. तरुणपणी सुभाना बापाच्या सांगण्याप्रमाणे वागायचा. एकदा एकाने विचारलं, बाजाराला बैलगाडी नेऊ का? सुभानाने बघितलं तर त्याचा एक बैल लंगडत होता. सुभानाने ढोलावर थाप मारली, हौश्याने आडवी मान हलवली. गाडीवाला चिडला, मूठभर नाचणी पदरात टाकून त्याने दार लावून घेतलं. दुसऱ्या एका घरी म्हातारीने विचारलं, नातू होईल का, तर सुभाना म्हणाला, "नंदीला काय बी दिसत न्हाय." म्हातारीने मूठभरसुद्धा दिलं नाही. शेजारच्या घरी नंदीने 'होय' म्हटलं तर सूप भरून ज्वारी मिळाली, वर गुळाचा खडाही.

असं दारोदार होत गेलं. 'होय'ला सूप, 'नाही'ला बंद दार. सुभानाने मुद्दाम काही ठरवलं नाही. पण ढोलावर थाप मारणारा त्याचा हात हळूहळू थाप विसरला. हौश्याही आडवी मान विसरला. पोट भरू लागलं, झुलीला नवे आरसे लागले. ठकूबाईने कधीतरी विचारलं, "आपला नंदी न्हाय म्हणायचा कवा थांबला वं?" सुभाना म्हणाला, "लोकान्लाच न्हाय नगं आसतंय." आणि ते खोटंही नव्हतं.

आता राहीची गोष्ट.

हिवरतळं नावाच्या गावात राही नावाची बाई राहत होती. तिचा नवरा केरबा मीठ वाहणाऱ्या बैलांच्या तांड्याबरोबर कोकणात उतरला होता. "दिवाळीच्या आत येतो," म्हणून गेला. दिवाळ्या येत राहिल्या, केरबा आला नाही. राही हिमतीची बाई. तिच्या बापाचा पलीकडच्या खोऱ्यात पानमळा होता आणि वेल बांधायला तिच्यासारख्या हाताचं माणूस त्या भागात नव्हतं. पण नवरा गेल्यापासून तिचे हातच थांबले. छप्पर गळायचं. शेजारीण म्हणे, शाकारून घे की. राही म्हणे, "ते आले की बघू." शेळी विकायची होती. "ते आले की." बापाचा निरोप यायचा, पोरी, चार दिवस ये, वेल खाली उतरलेत, बांधायला हवेत. "ते आले की जाईन." रोज ती एक भाकरी जास्तीची थापायची आणि सकाळी शेळीला घालायची. गावातली खोडकर माणसं तिला मागून 'आलेकी' म्हणायची. म्हणू नये असं, पण म्हणायची.

दरवर्षी खळी उरकली की सुभाना हिवरतळ्याला यायचा. राही सगळ्यांत आधी दारात. "नंदीबाबा, आमचं धनी येत्याल का?" गुबुगुबु. होय. तिचा चेहरा असा उजळायचा की सुभानालाही बरं वाटायचं. आणि गावातलं सगळ्यांत मोठं सूप तिच्या घरातून यायचं. चार घरी मोलाने राबून मिळवलेली ती ज्वारी असायची. स्वतः अर्धपोटी राहील, पण नंदीचं सूप शिगोशीग भरेल.

मग एके वर्षी सुभाना घाटाखालच्या एका बाजारपेठेत गेला असताना एका मिठाच्या दुकानापुढे उभा राहिला, आणि बघतो तर गादीवर केरबा, पूर्वी राहीच्या दारात पाहिलेला! शेजारी पदर खोचलेली बायको, तिच्या कडेवर पोर. केरबाने हौश्याला ओळखलं. त्याचं तोंड पडलं. तो बाहेर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, हिवरतळ्यात काय बोलू नगा. मी आता तिकडं येत न्हाय. माझं घर हितं हाय." त्याने सूप भरून तांदूळ घातले आणि वर गुळाची अख्खी ढेप दिली. न विचारलेल्या प्रश्नाचं इतकं मोठं मोल सुभानाला आजवर कुणी दिलं नव्हतं.

वाटेत सुभाना ठकूबाईला म्हणाला, "औंदा राहीला खरं सांगून टाकतो." हिवरतळ्याची वेस येईपर्यंत त्याने मनात वाक्यंही जुळवली. पण राही दारात आली, हातात ते भलंमोठं सूप, डोळ्यांत तीच आशा, आणि सुभानाच्या तोंडून निघून गेलं, "बोल रं राजा, राहीबाईचं धनी येत्याल का?" हौश्या डोलला. सुभानाने बटव्यातून गूळ काढून त्याला दिला. तो केरबाचा गूळ होता. त्या दिवशी सुभानाला जेवण गेलं नाही.

वर्ष फिरलं. पुन्हा खळी झाली. सुभानाची पावलं हिवरतळ्याकडे जड पडत होती, पण वाट नेहमीची होती आणि हौश्या पुढे होता. गावात शिरला तर राहीच्या दारात बैलगाडी सोडलेली. गाडीपाशी एक पांढऱ्या मिशांचा माणूस उभा. राहीचा मामा, लिंबाजी. आजूबाजूला दहापाच बाया-पुरुष जमले होते.

"आलं बघा नंदीवालं," राही घाईने म्हणाली. "बाबा, बरं झालं आज आलात. मामा मला न्यायला आल्यात. माझ्या बापाला आता मळा झेपत न्हाय. मी आले तर माझा, न्हायतर तो दुसऱ्याला कसायला देणार. मामा म्हंत्यात, आजच्या आज ठरीव."

"ठरीव म्हंजी काय, उठ आणि चल," मामा म्हणाला. "बापाचे डोळे तुझ्या वाटंकडं लागल्यात. वेल वाळाय लागलेत पोरी."

"आणि मी गेल्यावर ते आले म्हंजी?" राही म्हणाली. "दाराला कुलूप बघून माघारी जातील की. तवा मामा, नंदी सांगंल तसं. नंदी व्हय म्हणाला तर मी हितंच ऱ्हाणार. न्हाय म्हणाला तर गाडीत बसते."

मामाने कपाळाला हात लावला. इतकी वर्षं 'होय' म्हणजे एका बाईच्या चेहऱ्यावरचं हसू होतं. आज त्या 'होय'मध्ये तिचा मळा होता, तिचा बाप होता आणि तिचा उरलेला सगळा जन्म होता.

"थांबा, सूप आणते," म्हणून राही आत गेली. सुभाना ढोल छातीशी धरून उभा राहिला. मनात म्हणत होता, आज सांगायचं. आज सांगायचंच. राही बाहेर आली. सूप इतकं भरलेलं की चौकटीतून येताना दाणे सांडले.

आणि हौश्या डोलू लागला.

ढोल वाजला नव्हता. कुणी काही विचारलं नव्हतं. तरी हौश्याची मान जोरजोरात वरखाली होत होती, घुंगुरमाळ छमछमत होती.

"बघा! बघा!" राही ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी इचारायच्या आधीच सांगतोय! मामा, आता तरी पटलं का?"

जमलेल्या बायांनी हात जोडले. सुभाना हौश्याकडे बघत राहिला. बैलाची नजर राहीवर नव्हती, सुभानावर नव्हती, देवावर तर नव्हतीच. ती सुपावर होती. इतक्यात ठकूबाईने मागून सुभानाच्या पाठीला कोपर लावलं आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "बैलाचं ऱ्हाऊ द्या. तुमची मान बघा."

सुभानाने पाहिलं. त्याची स्वतःची मानही हलत होती. वर, खाली. वर, खाली. बैलाच्या मानेशी ताल धरून.

माणसाला लाज वाटायच्या पुष्कळ जागा असतात, पण स्वतःची मान आपल्याला न विचारता हलताना पकडणं, याच्यासारखी लाज नाही. सुभानाला बापाचा शब्द आठवला. लाकडाचा नंदी. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तो बैलाला नाचवतोय. आता कळलं की एका दोरीला दोघं बांधलेले होते आणि दोरीचं टोक त्या सुपात होतं.

त्याने ढोल खाली ठेवला. "राहीबाई," तो म्हणाला, "ते सूप आत ठिवून ये. आणि मग इचार."

"का वं बाबा?"

"ठिवून ये पोरी. माझं एवढं ऐक."

राही सूप आत ठेवून आली. तिने रिकामे हात जोडले आणि विचारलं, "नंदीबाबा, आमचं धनी येत्याल का?" हौश्या स्वस्थ उभा. कान हलवले, शेपटीने माशी हाकलली, बस्स. राहीने पुन्हा विचारलं. हौश्या रवंथ करू लागला. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"आता सूप घिऊन ये," सुभाना म्हणाला. ती घेऊन आली. हौश्याची मान डोलू लागली. सुभाना मोठ्याने म्हणाला, "बोल रं राजा, उद्या सूर्य मावळतीला उगवंल का?" होय, होय, हौश्या म्हणाला. "माझी ठकूबाई गावची पाटलीण व्हईल का?" होय, होय. "ह्या गाढवाला शिंगं फुटतील का?" होय, होय, होय.

कुणीतरी फस्सकन हसलं. राहीसुद्धा क्षणभर हसली. आणि मग तिचं हसू जागच्या जागी थिजलं. ती सुपाकडे बघत राहिली, मग बैलाकडे, मग सुभानाकडे.

"म्हंजी... इतकी वर्सं?"

"इतकी वर्सं तो सुपाला व्हय म्हणत आला," सुभाना म्हणाला. "आणि मी बी. बैलाला गूळ मी घातला, मला ज्वारी तुमी घातली. दोगं बी तेवढंच शिकलो." एकदा तोंड उघडलं तसं त्याने सगळं सांगितलं. मिठाचं दुकान, ती बायको, ते पोर, ती गुळाची ढेप. "गेल्या साली मला ठावं हुतं. तरी मी ढोल वाजिवला. त्यो गुन्हा बैलाचा न्हाय."

राही वळली, सूप घेऊन आत गेली. कणगीत ज्वारी ओतल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. मग दार लागलं.

बाहेर मात्र गलका उठला. "लुच्चा!" एक जण म्हणाला. "गरीब बाईचं धान्य खाल्लंस!" दुसरा म्हणाला, "आणि आमच्या घरी सांगितलंस ते? माझ्या पोराचं लगीन जमंल म्हणालास ते बी खोटंच काय?" खरं बोलण्याबद्दल कुणी त्याचं कौतुक केलं नाही, आणि का करावं? त्या गावात त्या दिवशी त्याला चिमूटभर पीठ मिळालं नाही. मामा तेवढा गाडीच्या चाकाला टेकून दाराकडे बघत उभा होता. सुभानाने ढोल खांद्याला अडकवला आणि वेशीबाहेर पडला. राहीने काय ठरवलं हे त्याला कळलंही नाही.

माळावर एका बाभळीखाली दोघं टेकली. सुभाना मान खाली घालून बसला. आता ठकूबाई बोलणार, हे त्याला ठाऊक होतं. पोट कशाने भरायचं? पुढची गावं हे ऐकून दारात तरी उभं करतील का? तो वाट बघत राहिला.

ठकूबाई उठली, त्याच्या कमरेचा बटवा तिने सोडला, त्यातला गुळाचा खडा काढला आणि म्हणाली, "तोंड उघडा."

"आं?"

"उघडा म्हंते ना. खरं बोलल्यावर बी कुणीतरी गूळ द्याय पायजे. न्हायतर पुन्हा बोलाल कशाला?"

तिने खडा त्याच्या तोंडात घातला. सुभानाचे डोळे मोठे झाले, अगदी त्या जुन्या गोऱ्ह्यासारखे. उपाशी पोटी इतका गोड गूळ त्याने जन्मात खाल्ला नव्हता. हे कुठून आलं, असं त्याला वाटलं, आणि त्याला हुंदका फुटला. ठकूबाईने हौश्यालाही एक खडा दिला. त्याने काही केलं नव्हतं, पण तो आशेने बघत होता.

त्यानंतर सुभानाने हौश्याला पुन्हा शाळेत घातलं म्हणा ना. ढोलावर थाप, आडवी मान, गूळ. भरलं सूप समोर ठेवून हौश्या शांत उभा राहिला तर गूळ. काम सोपं नव्हतं. जुनं शिकलेलं जात नाही, त्याच्यावर नवं शिकवावं लागतं, आणि जुनं अधूनमधून डोकं वर काढतंच. हौश्या चार दिवस नीट वागे आणि पाचव्या दिवशी सूप दिसताच डोलू लागे. सुभाना रागवायचा नाही. त्याचंही तसंच होत होतं. कुणाच्या दारात 'न्हाय' म्हणायची वेळ आली की जीभ जड व्हायची. तेव्हा ठकूबाई नुसता बटव्यावर हात ठेवायची आणि तो बोलायचा.

आता तो दारात गेल्यावर आधीच सांगायचा, "नंदीला उद्याचं दिसत न्हाय. आजचं जे मला दिसतंय, ते मी सांगतो." काही दारं लागली. पण चार गावं फिरणाऱ्या माणसाला पुष्कळ दिसतं. कुणाच्या बैलाच्या खुराला जखम, कुणाच्या विहिरीची खचलेली कड, कुठल्या खोऱ्यातली कणसं कीड लागून पोचट राहिलीत. ते तो सांगू लागला. हळूहळू काही घरं त्याची वाट बघू लागली. सुपं पूर्वीइतकी भरत नव्हती, पण रिकामीही येत नव्हती.

पुन्हा खळ्यांचे दिवस आले. हिवरतळ्याचा रस्ता टाळून सुभाना पलीकडच्या खोऱ्यात उतरला. ओढ्याकाठी एक पानमळा लागला. गार सावली, उंच शेवरीवर चढलेले वेल, तळहाताएवढी हिरवीगार पानं. तो वाट काढत पुढे जाणार, तोच आतून हाक आली.

"ओ नंदीवाले बाबा! मावशी! तसंच पुढं निघालात व्हय?"

राही होती. कमरेला पदर खोचलेला, हाताला वेलाच्या गाठी मारून हिरवे डाग पडलेले. कुडाशी एका बाजेवर तिचा म्हातारा बाप ऊन खात बसला होता. शिव्या खायच्या तयारीने सुभाना थांबला.

"तुमी गेल्यावर मी दोन दिस दार उघडलं न्हाय," राही म्हणाली. "लई राग आला तुमचा. मग भूक लागली. भाकऱ्या थापायला बसले आणि ध्यानात आलं, जास्तीची भाकरी आता कुणासाठी थापायची? मामा बाहेर गाडीतच निजले हुते. ती त्यास्नी वाढली आणि गाडीत बसले." ती जरा थांबली. मग तिला हसू आलं. "गाव मला आलेकी म्हणायचं, ठावं हाय मला. ते आले की, ते आले की करत बसले हुते. शेवटी मीच आले की!"

बाजेवरचा म्हातारा बोळक्या तोंडाने हसला. राही आत गेली आणि सूप घेऊन आली. शिगोशीग ज्वारी, वर पानांची जुडी आणि जुडीवर गुळाचा मोठा खडा.

सुभाना मागे सरला. "नगं पोरी. मी काय सांगितलं न्हाय अजून. आणि तुला काय इचारायचं आसंल, तर..."

"इचारायचं काय न्हाय," राही म्हणाली. "निस्तं द्यायचं हाय. व्हयला लई सुपं दिली मी. हे तुमच्या न्हायला."

सुभानाने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. तेवढ्यात शेजारून छमछम ऐकू आली. भरलं सूप बघून हौश्या सगळी शिकवणी विसरला होता आणि वर, खाली, वर, खाली, जोरजोरात मान डोलवत होता. सुभाना ओशाळला. "अरं थांब रं! कुणी काय इचारलंय का तुला?"

"डोलू द्या बाबा," राही म्हणाली आणि तिने तो गुळाचा खडा हौश्याच्या तोंडात घातला. "आज खरंच व्हय हाय."

तात्पर्य: ज्या बोलण्याला आपण गूळ देतो तेच बोलणं आपल्या दारात पुन्हा पुन्हा येतं, म्हणून सूप गोड बोलणाऱ्यासाठी नव्हे, खरं बोलणाऱ्यासाठी भरावं, आणि कशालाही 'होय' म्हणताना आपली मान हलली, तर ती विचाराने हलली की समोरच्या सुपाने, हे आधी पाहावं.